वाट पाहण्याची किंमत

१८९१ सालच्या १९ मार्चला कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने संमतिवयाचा कायदा मंजूर केला. १८६०च्या दंडसंहितेत ही मर्यादा दहा वर्षांची होती, ती बारावर गेली. बारा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरला, मग ती त्या पुरुषाची लग्नाची बायको का असेना. बदल एवढाच होता, दोन वर्षांचा. पण त्या दोन वर्षांवरून पुण्यात सभांमागून सभा झाल्या, सरकारकडे जाणाऱ्या अर्जांवर सह्यांची रीघ लागली, गर्भाधानाच्या वचनांचा अर्थ लावताना पंडितांनी एकमेकांना आव्हाने दिली. टिळक आणि आगरकर या ज्या दोन मित्रांनी नऊ वर्षांपूर्वी डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस एकत्र काढले होते, ते आपापल्या वर्तमानपत्रांतून समोरासमोर उभे राहिले.

त्या वादातले आणि त्याच्या आगेमागे वीस वर्षांतले लेख व भाषणे या संग्रहात एकत्र केली आहेत. परंपरावादी आणि उदारमतवादी दृष्टींतला फरक सांगणारी पुस्तके बहुधा युरोपातून सुरुवात करतात. फ्रान्सची क्रांती, एडमंड बर्क, टॉमस पेन, जॉन स्टुअर्ट मिल ही नावे ओळीने येतात आणि वाचकाला वाटते की हा सारा मामला परक्या घरचा आहे. वास्तविक मराठी माणसाला हा फरक समजून घ्यायला दूर जावे लागत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर, महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि या सर्वांच्या वर्तुळाबाहेर उभे राहून त्या वर्तुळालाच जाब विचारणारे जोतीराव फुले, एवढी माणसे एकाच काळात, एका-दोन शहरांत, बहुतांशी एकाच भाषेत भांडत होती. भांडणाला पोटतिडीक होती, अभ्यास होता आणि लिहिणाऱ्याला त्याची झळही सोसावी लागत होती. आज ‘पुरोगामी’ आणि ‘प्रतिगामी’ हे दोन्ही शब्द समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जातात. त्या दिवसांत हे मतभेद तोंड उघडायला लावत होते.

पहिल्याच पायरीवर एक समजूत बाजूला ठेवली पाहिजे. परंपरावाद्याला जुने आवडते आणि उदारमतवाद्याला नवे, ही ती समजूत. ती खरी मानली तर चिपळूणकरांचे काय करायचे? ‘निबंधमाले’तून त्यांनी लोकहितवादींवर आणि फुल्यांवर सडकून टीका केली, स्वदेश, स्वभाषा आणि स्वधर्म यांचा कैवार घेतला. आणि त्याच माणसाने सरकारी नोकरी सोडून १८८०च्या सुरुवातीला न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढच्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ उभे केले. छापखाना, वर्तमानपत्र, इंग्रजी शाळा, जाहीर सभा ही परंपरावाद्यांची हत्यारे त्या काळात अगदी नवी होती. १८९३ पासून टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जे रूप दिले, तेही पूर्वी नव्हते. उलट आगरकरांकडे पाहावे. मिल आणि स्पेन्सर पचवलेला हा माणूस आपल्या वाचकांना सांगत होता की पाश्चात्त्य विद्या घ्या, पण स्वत्व सोडू नका. तेव्हा कोणाला काय आवडते यावरून काहीच ठरत नाही.

खरा फरक मला पुराव्याच्या ओझ्यात दिसतो. एखादी रीत चालत आली आहे. तिने आपले असणे सिद्ध करायचे, की ती बदलू पाहणाऱ्याने बदलाची गरज सिद्ध करायची? परंपरावादी म्हणतो, रीत शेकडो वर्षे टिकली आहे, अनेक पिढ्यांनी ती वापरून, घासूनपुसून पाहिली आहे. तिच्यात कोणते शहाणपण साठले आहे हे आज मला सांगता येत नसेल, पण म्हणून ते नाही असे ठरत नाही. उदारमतवादी म्हणतो, रीत टिकली याचा अर्थ ती कोणाच्या तरी सोयीची होती एवढाच. ती जिच्यावर किंवा ज्याच्यावर लादली जाते त्या माणसाला तिचे कारण विचारण्याचा हक्क आहे आणि कारण देता आले नाही तर रीत गेली पाहिजे.

यातून पुढचे मतभेद आपोआप फुटतात. माणसाबद्दलचे मत वेगळे होते: एकाला माणूस दुबळा, वासनेच्या अधीन आणि म्हणून बंधनांची गरज असलेला दिसतो; दुसऱ्याला तो अडवलेला, अंधारात ठेवलेला आणि शिकला की सुधारणारा दिसतो. समाजाचा घटक कोणता, याचेही उत्तर वेगळे येते. एकाच्या हिशेबात कुटुंब, जात, गाव आधी आणि माणूस त्यांच्यामुळे. दुसऱ्याच्या हिशेबात माणूस आधी.

१७९० साली बर्कने फ्रान्सच्या क्रांतीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याचा रोख याच जागी होता. समाज हा जिवंत माणसांपुरता करार नाही. गेलेले आणि अजून न जन्मलेले यांचाही त्यात वाटा आहे, म्हणून एका पिढीने सगळे मोडून नव्याने बांधण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’मधून उत्तर दिले, की मेलेल्यांनी थडग्यातून जिवंतांवर राज्य करू नये. पेनचे ते पुस्तक पुढे पुण्यात पोचले आणि तरुण जोतीरावांनी ते वाचले. इतिहासाचा हा धागा आपल्याकडे असा थेट येतो. पण बर्कचाही एक धागा हिंदुस्थानाशी जोडलेला आहे आणि तो आपण विसरतो. वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जो महाभियोग चालला त्याचा मुख्य सूत्रधार बर्कच होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एका जुन्या संस्कृतीच्या संस्था, कायदे, हक्क पायदळी तुडवले, हा त्याचा आरोप. हेस्टिंग्ज १७९५ साली सुटला. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: परंपरेचा आदर हा बलवानाच्या मनमानीविरुद्ध दुबळ्याची ढालही होऊ शकतो. टिळकांचा विरोध समजून घ्यायचा तर हे ध्यानात असावे लागते.

आता मूळ वादाकडे.

१८८४ साली बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने यात लक्ष घालावे असे सुचवले. त्याच साली मुंबईत रखमाबाईचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली, शिकली आणि मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला तयार होईना. नवरा दादाजी भिकाजी याने कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती पिनी यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे बजावले. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. प्रकरण अखेर १८८८ साली पैसे देऊन मिटले. तिच्या नकाराने जेवढे कान टवकारले गेले तेवढे शंभर व्याख्यानांनी गेले नसते. टिळक तिच्या विरोधात होते.

मग कलकत्त्याहून फुलमणीची बातमी आली. दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिशी गाठलेला नवरा, आणि पहिल्या रात्रीच्या जखमांनी तिचा झालेला मृत्यू. मुलीने दहा वर्षे ओलांडली होती आणि ती लग्नाची बायको होती, म्हणून बलात्काराचा कायदा लागूच होत नव्हता. नवऱ्याला कमी दर्जाच्या गुन्ह्याखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. सर अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी १८९१ मध्ये जे विधेयक मांडले ते या पार्श्वभूमीवर.

टिळकांनी त्याला विरोध केला. त्यांचे लेख संग्रहात न कापता घेतले आहेत, कारण त्यांच्या नावावर आज जी मते खपवली जातात त्यांपेक्षा त्यांचे खरे म्हणणे अधिक मजबूत होते. बारा वर्षांच्या आत मुलीचा संसार सुरू व्हावा असे त्यांचे मत नव्हते. त्याआधी काही महिने त्यांनीच एक योजना मांडली होती: मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करायचे नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचे नाही, केलेच तर विधवेशी करायचे, हुंडा बंद, केशवपन बंद. ज्यांना हे पटते त्यांनी सह्या करून स्वतःला बांधून घ्यावे आणि हवे तर त्यांच्यापुरता कायदा करावा. सरकारी विधेयकाची बारा वर्षे आणि टिळकांची सोळा वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. मग विरोध कशाला? परक्या सरकारला आमच्या घरात शिरण्याचा अधिकार नाही. १८५८च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन राणीने दिले आहे. ज्या मंडळात लोकांचे प्रतिनिधी नाहीत त्याने लोकांच्या विवाहसंस्थेवर कायदा करू नये. आणि सुधारणा शिक्षणाने, समजुतीने, आतून झाली तरच टिकते. शास्त्राचा भाग वेगळा होता. पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान करावे असे वचन असेल तर कायद्याने धर्मकृत्य हाच गुन्हा ठरेल, असा तो मुद्दा. भांडारकरांनी त्याला ग्रंथांच्याच आधाराने उत्तर दिले की तसा सक्तीचा विधी नाही.

यातला प्रतिनिधित्वाचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. लोकांच्या संमतीशिवाय राज्यकर्त्याने कायदा करू नये, हे उदारमतवादाचे पहिले सूत्र. ते इथे परंपरेचा पक्ष घेणारा मांडतो आहे. आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा पक्ष घेणारे आगरकर, रानडे, तेलंग परक्या राज्यकर्त्याच्या हातात कायद्याचा दंडुका द्यायला तयार आहेत. आगरकर ज्याच्यावर पोसले गेले तो स्पेन्सर तर सरकारी हस्तक्षेपाचा कट्टर विरोधक. रानड्यांनी पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचा निर्हस्तक्षेपाचा सिद्धांत हिंदुस्थानला लागू नाही असे सांगितले. युरोपात तयार झालेले साचे इथे आले की असे उलटेपालटे होतात. म्हणून त्या साच्यांवरून आपल्या माणसांना जोखू नये.

तरीही या वादात टिळकांची बाजू मला मान्य होत नाही, आणि का होत नाही हे सांगणे या प्रस्तावनेचे कामच आहे.

आतून, समजुतीने, शिक्षणाने बदल होईल, थोडी वाट पाहा, असे परंपरावादी सांगतो तेव्हा तो बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. बदल खरोखर तसाच टिकाऊ होतो. पण वाट पाहायला वेळ लागतो आणि त्या वेळाची किंमत कोणीतरी मोजत असते. १८९१ मध्ये ती कोण मोजत होते? वाट पाहा असे लिहिणारा संपादक नव्हे, अर्जावर सही करणारा गृहस्थ नव्हे. दहा-अकरा वर्षांच्या मुली मोजत होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांची सही कोणत्याच अर्जावर नव्हती. टिळकांच्या योजनेतही स्वतःला बांधून घेणार होते ते बाप आणि नवरे. ज्या घरातला बाप सही करणार नाही त्या घरातल्या मुलीसाठी तिच्यात काहीच नव्हते. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा प्रश्न आपण शाळेपासून दोन मोठ्या माणसांमधला तात्त्विक मतभेद म्हणून शिकतो. त्यात ही मुलगी कुठेच दिसत नाही.

म्हणून दोन्ही पक्षांना एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते. तुम्ही मागता त्या गोष्टीची किंमत तुम्ही स्वतः मोजता का? संथपणे चला म्हणणाऱ्याने विलंबाचे दुःख स्वतः सोसले पाहिजे. घाईने चला म्हणणाऱ्याने घाईचा तडाखा आपल्या अंगावर घेतला पाहिजे. या प्रश्नाने पाहिले की माणसे वेगळी दिसू लागतात.

आगरकर या कसोटीला पुरेपूर उतरतात. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी धरावी ही घरच्यांची आस बाजूला ठेवून ते तुटपुंज्या पगाराच्या मास्तरकीत राहिले. ‘केसरी’त मते मांडता येईनात तेव्हा संपादकपद सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. दम्याने जर्जर होऊन १८९५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा वयाची चाळिशीही झाली नव्हती. त्यांच्या लेखांत कुठे कुठे उतावळेपणा आहे, समोरच्याला मूर्ख समजण्याची घाई आहे. पण त्यांनी दुसऱ्याच्या पैशाने धाडस केले नाही. धोंडो केशव कर्वे यांचेही तसेच. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांनी वाद घातला नाही. तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम काढला.

रानड्यांची गोष्ट इतकी सरळ नाही आणि म्हणूनच मला ती अधिक मोलाची वाटते. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असलेला हा माणूस १८७३ मध्ये पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे वाकला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले तेव्हा प्रायश्चित्त घेऊन त्यांनी वाद मिटवला. (त्या चहाला टिळकही होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.) आगरकरांना रानड्यांचा हा नमतेपणा पटणे शक्यच नव्हते. पण याच रानड्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला घरच्या बायकांचा जाच सुरू असताना हट्टाने शिकवले आणि तीच पुढे सेवासदनच्या रमाबाई झाली. रानडे मानत की समाज हा जिवंत देह आहे, त्याचे मागचे तोडून पुढचे जोडता येत नाही. सुधारणा म्हणजे नव्या जागी नवे घर बांधणे नव्हे. इतके ऐकले की ते बर्कचे शिष्य वाटतात. मात्र १८९७ मध्ये अमरावतीला सामाजिक परिषदेत त्यांनी पुनरुज्जीवनवाद्यांना विचारले की नेमके कोणते जुने परत आणायचे आहे. नियोग आणायचा, की यज्ञातला मांसाहार, की जुने विवाहप्रकार? परंपरा स्वतःच किती वेळा बदलली आहे हे दाखवून त्यांनी परंपरेचाच आधार बदलासाठी वापरला. परंपरावादी स्वभावाचा उदारमतवादी कसा असतो हे पाहायचे तर रानडे वाचावेत.

हा मार्ग त्यांच्याबरोबर संपला नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने घडलेले लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूने शास्त्रार्थ करत उभे राहिले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्यात अनेक दशके घातली. त्या पाच खंडांनी रूढीला किती रंग बदलावे लागले ते ग्रंथांतूनच दाखवले. परंपरेचे खरे ज्ञान असलेला माणूस तिच्या नावाने सहसा ओरडत नाही.

आतापर्यंत मी ज्यांच्याविषयी लिहिले ते जवळजवळ सगळे एका जातीचे आहेत. हे अपघाताने घडलेले नाही आणि या संग्रहाच्या तिसऱ्या भागात फुल्यांचे लेखन घेतले ते याच कारणाने. चिपळूणकर ‘आपली परंपरा’ म्हणत तेव्हा त्या ‘आपल्या’त कोण होते? ज्या परंपरेत शूद्रातिशूद्रांना अक्षराची बंदी होती ती त्यांची परंपरा कशी? परंपरावादाला हा प्रश्न मुळापासून हलवतो, कारण पिढ्यांचे साठलेले शहाणपण म्हणून जे सांगितले जाते ते साठवण्याचा अधिकार काही मोजक्यांनाच होता. फुल्यांचा प्रश्न उदारमतवाद्यांनाही सोडत नाही. विधवांचे केशवपन, सक्तीचे वैधव्य हे ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींचे प्रश्न होते. अनेक जातींत पाट लावण्याची रीत चालतच होती. सुधारकांच्या सभांत शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि महाराच्या पाणवठ्याचा विषय किती वेळा निघाला, हे वाचकाने या संग्रहात शोधून पाहावे. सापडेल ते फार थोडे आहे. त्यामुळे रानड्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण पाठवले तेव्हा फुल्यांनी ते नाकारले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

पण नाते तुटलेलेही नव्हते. १८७५ साली दयानंद सरस्वतींच्या पुण्यातल्या मिरवणुकीवर दंगा होणार हे दिसत असताना रानडे आणि फुले दोघेही त्या मिरवणुकीत चालले. १८८२ साली टिळक-आगरकरांना, पुढे ज्यात डोंगरीचा तुरुंग भोगावा लागला त्या कोल्हापूर प्रकरणात, जामीन हवा होता तेव्हा फुल्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्याने तो भरला. आपल्यावर तुटून पडणाऱ्या पत्राच्या संपादकांसाठी! मतभेद आणि माणुसकी या दोन गोष्टी तेव्हा वेगवेगळ्या खात्यांत मांडल्या जात, एवढे तरी यावरून दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सगळ्याचा हिशेब दोनदा केला. १८९५च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू दिला गेला नाही. १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ लिहिताना त्यांनी तो प्रसंग आठवणीने घेतला आणि सुधारकांचा पराभव का झाला याचे कारणही सांगितले: त्यांनी हिंदू कुटुंबाची सुधारणा हाती घेतली, समाजरचनेची नाही. आणि १९४३ मध्ये रानड्यांच्या जयंतीला पुण्यात बोलताना त्याच रानड्यांना त्यांनी खऱ्या अर्थाने थोर माणूस म्हटले. टीका करून झाल्यावरही ऋण मान्य करता येते.

पुढे हाच वाद स्वतंत्र भारताच्या संसदेत पुन्हा उभा राहिला. हिंदू कोड बिल अडले तेव्हा विरोधकांचा एक मुद्दा असा होता की ही संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, तिने एवढा मोठा बदल करू नये, निवडणुकीपर्यंत थांबावे. साठ वर्षांपूर्वीचा ‘केसरी’ वाचलेल्या माणसाला हा आवाज ओळखीचा वाटावा. फरक एवढाच की आता सरकार परके नव्हते. आंबेडकरांनी १९५१च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. निवडणुका झाल्या, आणि १९५५-५६ मध्ये तेच विधेयक चार कायद्यांत विभागून, बरेच सौम्य होऊन मंजूर झाले. थांबण्याने लोकमान्यता मिळाली, हे परंपरावाद्याच्या बाजूने मान्य करायला हवे. मधल्या काळाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न तसाच उरतो. १८८४ मध्ये जिच्यावर खटला झाला त्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. देशभरच्या हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा विवाह कायदा १९५५च्या मे महिन्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, नव्वद वर्षांच्या होऊन त्या वारल्या.

उदारमतवाद्यांच्या बाजूचे एक कच्चे खातेही इथे उघडले पाहिजे. कायदा झाला की काम झाले, हा त्यांचा विश्वास पुन्हा पुन्हा फोल ठरला. संमतिवयाच्या कायद्याखाली खटले फारसे झालेच नाहीत. घराच्या आतल्या गोष्टीची फिर्याद कोण करणार? १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, तरी बालविवाह थांबले नाहीत. जिथे वय खरोखर वाढले तिथे शाळांनी ते वाढवले, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासारख्या ठिकाणांनी वाढवले, शिकलेल्या आईने मुलीसाठी धरलेल्या हट्टाने वाढवले. आतून होणारा बदलच टिकतो हे टिळकांचे म्हणणे या अर्थाने खरे निघाले. पण आतून बदल व्हायला ज्या मुली शाळेत जाव्या लागतात त्या आधी जिवंत राहाव्या लागतात. कायद्याचे काम तेवढेच होते आणि तेवढ्यासाठी तो व्हायलाच हवा होता.

वाचकाला एक विनंती आहे. संग्रह कुठूनही वाचायला सुरुवात करावी, पण ज्याचे मत आपल्याला पटणार नाही असे आधीच वाटते त्याचे लेख पहिले वाचावेत, आणि सलग वाचावेत. आगरकरांचे चाहते असाल तर टिळकांपासून सुरू करा. टिळकभक्त असाल तर ‘सुधारका’तल्या लेखांपासून. दोघांनाही वाचून झाल्यावर तिसरा भाग वगळू नका. आणि प्रत्येक लेखाच्या समासात, लिहिणारा जे मागतो आहे त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार आहे, त्याचे नाव पेन्सिलीने लिहीत जा.